पाळकांची बदली झाली की मंडळी का विस्कटते? या चुका टाळा

इंदुरात मराठी ख्रिस्ती घरं थोडी. वाटेत भेटलं की हिंदी भाषिक 'जय मसीह की' म्हणतात, आम्ही 'सलाम' म्हणतो, आणि रविवारी सगळे एकाच छताखाली बसतो. तीसेक वर्षं मी पंचांमध्ये, म्हणजे चर्चच्या मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांमध्ये आहे. नवी सहभागिता, म्हणजे प्रार्थनेचा छोटा गट, सुरू करणारी मुलं सल्ल्याला येतात तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काका, साउंड सिस्टीम कोणती घेऊ?" चूक तिथूनच सुरू होते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एका माणसाभोवती मंडळी उभी करणं. आमच्याकडे एक पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, होते. गळा गोड, संदेश सोपा, प्रत्येक घरी जाणं-येणं. बुधवारच्या प्रार्थनासभेला चपलांची रांग जिन्यापर्यंत जायची. चार वर्षांनी त्यांची बदली झाली. नंतरच्या तिसऱ्या बुधवारी अकरा जण आले. गीत चालू असताना वीज गेली, प्रोजेक्टर बंद पडला. गीत नारायण वामन टिळकांचं, दर महिन्याला म्हटलेलं, आणि दुसरं कडवं कोणालाच येईना. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्या मावशींनी डोळे मिटून ते शेवटपर्यंत एकट्यानं म्हटलं. मग मी म्हणालो, "कोणीतरी प्रार्थना करा." कोणी तोंड उघडेना. बाप्तिस्म्याला वीस-वीस वर्षं झालेली माणसं सतरंजीकडे बघत बसली होती. त्यात पाळकसाहेबांचा दोष नव्हता. आम्ही पंचांनीच चार वर्षं लोकांना नुसतं ऐकायला बसवलं होतं.

बायबलमधल्या करिंथ शहराच्या मंडळीत हेच झालं होतं. कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी म्हणे मी अपुल्लोसाचा; दोघंही तिथं शिकवून गेलेले. पौलानं उत्तर दिलं की एकानं लावलं, दुसऱ्यानं पाणी घातलं, वाढवणारा देव आहे. तो तिथं दीड वर्ष राहिला आणि पुढे गेला. आपल्या गावाचंच बघा. १८७७ साली कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी इंदुरात आले, १८८७ साली ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं. मिशनरी गेले. १९७० मध्ये अनेक मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, दारावरच्या पाट्या बदलल्या. माझ्या ओळखीत आज ज्यांची नातवंडं उपासनेला येतात, ती बहुतेक संध्याकाळी एकत्र बसून शास्त्र वाचणारी घरं आहेत.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. बुधवारी पाळक मागच्या रांगेत बसतात. सभा आळीपाळीनं एकेक घर चालवतं. महिनाभर एकच गीत, शेवटच्या बुधवारी पुस्तक मिटून. प्रार्थना दोन वाक्यांची असली तरी चालते. गॅरेजमध्ये काम करणारा एक मुलगा पहिल्यांदा उभा राहिला, बोटांना ग्रीस तसंच होतं. म्हणाला, "प्रभू, आईचा गुडघा बरा कर. आमेन." आणि खाली बसला. माझ्याकडे एक वही असते. डाव्या पानावर विनंती आणि तारीख, उजव्या पानावर पुढे काय झालं ते. काही उजवी पानं कोरीच आहेत. त्यांच्यासमोरच्या विनंत्याही आम्ही दर वेळी मोठ्यानं वाचतो.

"सहा महिन्यांत फरक दिसेल का?" असं विचारणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणतो. पंधरा माणसं मोठ्यानं प्रार्थना करू लागायला आम्हाला दोन वर्षं लागली. बाहेरचा नावाजलेला वक्ता आणून तीन दिवसांचं कन्व्हेन्शन भरवलं की मंडप भरतो, पण पुढच्या बुधवारी कोण येतं ते मोजा.

दुसरी चूक, कुरकुर दाबणं. मराठी गीतं कमी होतात, नाताळचं सगळं हिंदीतच ठरतं, ही तक्रार आमच्याकडे बरीच वर्षं होती, आणि आम्ही "सगळे एकच आहोत" म्हणून ती झाकत होतो. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय उघडून बघा. पहिल्या मंडळीत ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत होत्या. प्रेषितांनी तक्रार खरी मानली, सात माणसं निवडायला लावली, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ते वाचल्यावर आम्ही नाताळचा कार्यक्रम तक्रार करणाऱ्यांच्याच हाती दिला. त्यांनी हिंदी गीतं आमच्यापेक्षा जास्त घेतली.

बाकीचं थोडक्यात. रविवार शाळा म्हणजे मुलं सांभाळायची सोय नव्हे, पंचांनी स्वतः शिकवायला बसावं. नव्या कुटुंबाला पहिल्याच वर्षी खजिनदार करू नका. दानार्पणाचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावा. दोन घरांत अबोला असेल तर प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या, आदल्या शनिवारी तिथं जाऊन बसा, फोनवर भागवू नका.

आणि सुरुवात कुठून करायची म्हणाल, तर एका बुधवारी पाळकसाहेबांना मुद्दाम सुटी द्या. "कोणीतरी प्रार्थना करा" एवढंच म्हणा आणि डोळे मिटा. कोणी बोलणार नाही. दोन मिनिटं जातील, पाच जातील. तुम्ही सुरू करू नका.