काळी काच आणि झुलता ओळंबा: मेंदूची गल्लत घरात कशी पकडावी

रंग, हालचाल, आवाज आणि लक्ष यांचा हिशेब मेंदू कसा लावतो ते बघायला प्रयोगशाळा लागत नाही. लाल कार्डपेपर, मीटरभर रबरी नळी, स्केचपेनं, जुना गॉगल, दोरा आणि गवंड्याचा ओळंबा (दोऱ्याला टांगायचं वजन) एवढं पुरतं. ओळंबा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळतो, त्यासाठी मुंबईच्या हार्डवेअर बाजारात, नागदेवी स्ट्रीटला, जायची गरज नाही. पाच प्रयोगांपैकी चार सोपे आहेत. पाचवा सगळ्यात सुंदर, आणि नेटवरच्या अर्धवट सूचनांमुळे सगळ्यात जास्त फसणारा.

रंगापासून सुरुवात करा. पाच सेंटिमीटरचा लाल गोल पांढऱ्या कागदावर चिकटवा, त्याच्या मध्यावर पेनाचा ठिपका द्या. ठिपक्यावरून नजर न हलवता ३० सेकंद बघा, मग कोऱ्या कागदाकडे बघा. 'लालाच्या जागी हिरवा दिसतो' हे वाक्य कितीही ठिकाणी छापलेलं असलं तरी चूक आहे. दिसतो तो मोरपंखीकडे झुकणारा हिरवट आकाशी, कारण डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी तीन जातींच्या असतात, आणि त्यातल्या लाल टिपणाऱ्या थकल्यावर उरलेल्या दोन्ही जातींचं पारडं जड होतं. तीच छाया लांबच्या भिंतीवर नेलीत तर गोल मोठा झालेला दिसेल. डोळ्यातला डाग तेवढाच असतो, मेंदू अंतर बघून त्याचा आकार वाढवतो.

हालचालीसाठी अंधेरी-बोरिवली फास्ट लोकलमधली खिडकीची जागा उत्तम. (दारात उभं राहून हे करायचं नाही.) खिडकीच्या एका गजावर नजर रोवा आणि मागे पळणारी खडी ४० सेकंद नुसती वाहू द्या. खांबामागून नजर धावली की प्रयोग बुडाला, कारण मग डोळ्याच्या पडद्यावर ते चित्र जवळजवळ स्थिरच राहतं. गाडी थांबायची वाटही बघू नका. स्टेशन येताना ती हळू होत जाते आणि परिणाम विरतो. गाडी वेगात असतानाच नजर डब्यातल्या भिंतीवर आणा, भिंत पुढच्या दिशेने सरकल्यासारखी वाटेल. १८३४ साली रॉबर्ट अॅडम्स यांनी स्कॉटलंडमधल्या धबधब्याजवळ हेच नोंदवलं होतं. पाण्याकडे बघून कड्याकडे पाहिलं, तर कडा वर चढताना दिसला.

आवाजाला नळी. तिच्या बरोबर मध्यावर खूण करा. बसलेल्या माणसाने दोन्ही टोकं कानांशी धरावीत, कानात खुपसू नयेत, आणि नळी पाठीमागून जावी. दुसऱ्याने खुणेच्या डाव्या-उजव्या बाजूला पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायची आणि बाजू ओळखायला सांगायची. पाच सेंटिमीटरवरून सुरुवात करून जवळ या. मध्यापासून एक सेंटिमीटर सरकलात की दोन कानांकडच्या वाटांत दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे हा फरक सेकंदाच्या दहा लाख भागांतले जेमतेम ६० भाग. मेंदूला तोही कळतो. शेजारचा कुकर शिट्ट्या देत असेल तर तेवढं थांबा.

लक्षाचा प्रयोग जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली प्रसिद्ध केला. 'लाल', 'निळा', 'हिरवा', 'काळा' हे शब्द भलत्याच रंगांत लिहून वीस शब्दांचं कार्ड करा आणि शब्द न वाचता शाईचा रंग बोलायला सांगा. शब्द आपोआप वाचला जातो, म्हणून रंग सांगायला उशीर होतो. तुलनेला वीस रंगीत ठिपक्यांचं दुसरं कार्ड हवंच, नाहीतर उशीर कशामुळे झाला ते कळणार नाही. पिवळं स्केचपेन वापरू नका, पांढऱ्यावर ते वाचताच येत नाही. डोळे बारीक करून अक्षरं पुसट करणाऱ्यांवर नजर ठेवा. मूल इंग्रजी माध्यमाचं असून देवनागरी अडखळत वाचत असेल तर मराठी कार्डावर ते फारसं अडणार नाही. त्याला इंग्रजी शब्दांचं कार्ड द्या, मग बघा.

आता ओळंबा. नळीच्या प्रयोगात वेळेच्या फरकावरून मेंदूने बाजू अचूक सांगितली. इथे तोच फरक डोळ्यांत निर्माण करायचा आणि मेंदू त्याचं अंतर करून टाकतो ते पकडायचं. एका डोळ्यासमोर काळी काच धरली की त्या डोळ्याला प्रकाश कमी मिळतो, आणि कमी प्रकाशात डोळ्याचा पडदा संदेश पाठवायला काही मिलिसेकंद जास्त घेतो. झुलती वस्तू तेवढ्यात पुढे गेलेली असते. एक डोळा 'इथे' म्हणतो, दुसरा 'थोडी मागे', आणि मेंदू या तफावतीचा अर्थ खोली असा लावतो. सरळ रेषेत झुलणारा ओळंबा हवेत लंबगोल फिरताना दिसतो. कार्ल पुल्फरिश यांनी १९२२ साली याचं वर्णन केलं. त्यांना एकाच डोळ्याने दिसत असल्यामुळे त्यांना स्वतःला तो कधी बघता आला नाही.

'ओळंबा दोऱ्याला बांधा आणि झुलवा' या सूचनेतच सगळी घाण आहे. एका दोऱ्यावरचा ओळंबा थोड्याच झोक्यांत खरोखरच लंबगोल फिरू लागतो, आणि मंडळी काच नसतानाच 'दिसलं, दिसलं' म्हणतात. दोरे दोन हवेत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. अशा टांगणीवरचा ओळंबा व्हीच्या प्रतलाला काटकोनातच झुलतो. त्याला दुसरी वाटच उरत नाही.

दाराच्या चौकटीला टांगू नका. तिथे तो खोलीच्या आत-बाहेर झुलेल आणि बाजूने बघायला मध्ये भिंत येईल. कपड्यांची वर-खाली होणारी दांडीही नको, ती स्वतःच हलते. लोखंडी कपाटाच्या माथ्यावर मॉपचा मीटरभर दांडा ठेवा. त्याचं टोक अर्धा मीटर समोर येऊ द्या आणि मागच्या भागावर पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवा. पुढे आलेल्या भागावर ३५ सेंटिमीटर अंतराने दोन दोरे बांधा आणि ते खाली ओळंब्याला जोडा, दांड्यापासून ओळंबा एक मीटर खाली. एक झोका येऊन-जाऊन दोन सेकंदांचा होईल. ओळंब्याला पांढरा कागद गुंडाळा, म्हणजे तो उठून दिसेल. पंखा बंद. उकडेल, पण पंख्याच्या वाऱ्याने ओळंबा डुलतो.

ओळंबा एका बाजूला १५ ते २० सेंटिमीटर ओढून नुसता सोडा, ढकलू नका. काच हातात घेण्याआधी कपाटाच्या कडेला उभं राहून बघा. तो पुढे-मागे जराही जात असेल तर थांबवून पुन्हा सोडा. या तपासणीशिवाय पुढचं काहीही खरं मानू नये.

मग समोर दोन मीटरवर खुर्चीत बसा. दिवे पूर्ण चालू ठेवा, आणि नंबरचा चष्मा असेल तर तो काढू नका. कपाटाच्या दारावर ओळंब्यामागे चिकटपट्टीचा तुकडा लावून नजर त्यावर ठेवा. गॉगल घालायचा नाही. त्याची एकच काच उजव्या डोळ्यासमोर धरा, डावा मोकळा, दोन्ही डोळे उघडे. एक डोळा मिटलात तर दिसायचं काहीच नाही. फिकट फॅशनच्या काचेने परिणाम नावापुरता होतो, आणि ग्रहणाच्या चष्म्यातून उजेडच येत नाही. चांगल्या गडद काचेने ओळंबा जवळजवळ वीतभर पुढे-मागे होताना दिसतो. उजवीकडे जाताना तो जवळून जातो, परतताना लांबून.

काच डाव्या डोळ्यासमोर न्या. फिरण्याची दिशा उलटली पाहिजे. उलटली नाही, तर तुम्ही टांगणीचा दोष बघताय, मेंदूचा नाही.

तिरळेपणा किंवा लहानपणापासूनचा 'आळशी डोळा' असलेल्यांना बहुधा काहीच दिसत नाही. दोन डोळ्यांतून खोली काढण्याची सोयच त्यांच्याकडे कमी असते, त्यांना 'नीट बघ' म्हणून छळू नका. मात्र टांगणी तपासून झाल्यावरही एखाद्याला काचेविनाच लंबगोल दिसत असेल, तर त्याच्या एका डोळ्याचा संदेश खरोखर उशिरा पोचत असू शकतो. दृष्टीच्या मज्जातंतूला सूज आल्यावर असं होतं. त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं आणि हे नेमकं याच शब्दांत सांगावं.