ठाण्याच्या दमट हवेत ड्रॅगनस्वाराची मिनिएचर कशी जोडावी आणि रंगवावी

मिनिएचरचे, म्हणजे या छोट्या प्रतिकृतीचे, भाग स्प्रूवरून (भाग धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटीवरून) कटरने कापावेत आणि साच्याच्या रेघा चाकूच्या पाठीने खरवडाव्यात. पॉलिस्टायरीनला (अशा मिनिएचरच्या नेहमीच्या कडक प्लॅस्टिकला) प्लॅस्टिक सिमेंटच लावावे, कारण ते पृष्ठभाग विरघळवून दोन भाग एकजीव करते; रेझिनवर मात्र त्याचा उपयोग नाही, तिथे सुपरग्लू लागतो. २८ मिलिमीटर मापातील स्वार खोगिरावर आधीच चिकटवू नये, अन्यथा त्याच्या मांडीखालच्या खवल्यांपर्यंत ब्रश पोहोचत नाही.

खरी अडचण प्रायमरची, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी द्यायच्या थराची, आहे. ‘बाहेर मोकळ्या हवेत २० ते ३० सेंटिमीटरवरून फवारा’ असे सांगणाऱ्यांनी जुलैमधले ठाणे अनुभवलेले नसावे. खाडीकडे तोंड असलेल्या माझ्या बाल्कनीत, पावसाची उघडीप पाहून, मी तीन रविवार खपून जोडलेला ड्रॅगन फवारला आणि थोड्याच वेळात त्याच्या पंखांवर पिठूळ, खरखरीत थर चढून खवले बुजले. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतले बाष्प ओल्या थरावर जमते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी डबा अधिक जोराने हलवून दुसरा थर दिला आणि उरलेसुरले तपशीलही घालवले. तो थर काढण्यासाठी थिनर वापरण्याचा सल्ला मिळाला, तर तो मुळीच ऐकू नये, कारण थिनरने प्लॅस्टिकच विरघळते.

माझा नियम असा की, आर्द्रतामापक ७० टक्क्यांच्या वर असेल, तर स्प्रेचा डबा कपाटातच राहतो. एसी लावून बंद खोलीत फवारणे हा त्यावरचा उपाय नव्हे. ती वाफ फुफ्फुसात जाते आणि ज्वलनशीलही असते. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा अ‍ॅक्रिलिक प्रायमर वापरावा: दोन पातळ थर, खाचांत साचलेले थेंब कोरड्या ब्रशने टिपून घेतलेले, आणि त्यानंतर पूर्ण २४ तासांची विश्रांती. वेळ लागतो, पण खवले शाबूत राहतात. मे महिन्यातल्या दुपारीही फवारू नये, थेंब हवेतच सुकून वाळूसारखे चिकटतात. सकाळी लवकर फवारावे.

पुढचे काम सरळ आहे. रंग पाण्याने पातळ करून दोन थर द्यावेत, खाचांसाठी वॉश (खाचांत साचणारा अतिपातळ गडद रंग) आणि कडांसाठी ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने रंग घासणे) वापरावा, मग स्वार बसवावा. मॅट व्हार्निशही पावसाळ्यात ब्रशनेच लावावे. स्प्रेचे व्हार्निश दमट हवेत पांढरे पडते, आणि तेव्हा खाली प्रायमर नव्हे, तर पूर्ण रंगवलेला ड्रॅगन असतो.