जेवणाच्या वेळी टीव्हीवर नको ती जाहिरात: तक्रार कुठे आणि कशी करायची

संध्याकाळी सात ते दहा या वेळात मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत टीव्ही चालू असतो. एकाच खोलीत आजी, सून आणि सातवीतला पोरगा बसलेले, ताटं वाढलेली, आणि मालिका थांबते न थांबते तोच 'ताकद' वाढवणाऱ्या कॅप्सूलची जाहिरात. रिमोट हाताला लागेपर्यंत ती संपूनही जाते. दहा-वीस सेकंदांच्या जाहिरातीपुढे रिमोट कामाचा नाही. तिच्यावर तक्रारच करावी लागते, पण बहुतेक तक्रारी चुकीच्या दारात जातात आणि तिथेच पडून राहतात.

म्हणून आधी जाहिरात लावली कुणी ते ठरवा. नांदेड, परभणी, लातूर, बीड अशा शहरांच्या केबलवर स्थानिक वाहिन्या असतात. जाहिरातीत बसस्टँडजवळच्या दवाखान्याचा पत्ता असेल, 'दर महिन्याला अमुक लॉजवर डॉक्टर भेटतील' असं असेल, किंवा पडद्याच्या तळाशी मोबाइल नंबराची पट्टी पळत असेल, तर ती बहुधा केबलवाल्याकडूनच लागलेली असते. शंका असेल तर दुसऱ्या गावातल्या, डिश असलेल्या पाहुण्याला फोन करून त्याच वेळी तीच वाहिनी लावायला सांगा. त्याच्याकडेही तीच जाहिरात दिसली तर ती वाहिनीची, नाहीतर केबलची.

पुरावा

जाहिरात पहिल्यांदा दिसली की फक्त वस्तूचं नाव टिपून घ्या आणि पुढच्या ब्रेकची वाट पहा. तीच जाहिरात एका संध्याकाळी बरेचदा पुन्हा लागते. तोवर मोबाइल आडवा धरून तयार रहा. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटवर 'इन्फो'चं बटण असतं. ते दाबलं की वाहिनीचं नाव, क्रमांक आणि वेळ पडद्यावर येते. त्या पट्टीचा एक फोटो काढा आणि लगेच व्हिडिओ सुरू करा. वाहिनीचा लोगो चौकटीत आलाच पाहिजे. फार जवळून काढलं तर पडद्यावर पट्ट्या नाचतात आणि मजकूर वाचता येत नाही, म्हणून सहा-सात फूट मागे सरकून काढा. 'रात्री आठच्या सुमारास' असं लिहिलेली तक्रार कच्ची ठरते; '८ वाजून २२ मिनिटांनी' असं लिहा.

कोणत्या नियमात बसते

केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला नियम ७ म्हणजे जाहिरात संहिता. घरच्या तक्रारीला त्यातली पाच-सहा कलमं पुरतात. ७(८) मध्ये अश्लील, सूचक, किळसवाणी मांडणी टाळायला सांगितलं आहे. ७(७) मुलांबद्दल आहे, म्हणजे त्यांना अपायकारक सवयींची गोडी लावणारी जाहिरात नको. ७(६) कर्कश आवाजाबद्दल, ७(५) चमत्कारिक गुणांच्या दाव्यांबद्दल, आणि ७(११) प्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती नकोत. दारू-तंबाखूला ७(२) मध्ये मनाई आहे.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधाला वेगळा आणि जास्त जुना कायदा लागतो: औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४. याची तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात करा. 'लाज वाटते' एवढंच लिहून तिथे भागत नाही. जाहिरातीतला दावा शब्दशः लिहून द्या.

यंत्र, ताईत विकणाऱ्या जाहिरातींबाबत तर मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या औरंगाबाद खंडपीठाचाच निकाल आहे. दैवी शक्तीचा दावा करून यंत्रं विकणाऱ्या टीव्ही जाहिराती २०१३ च्या महाराष्ट्र जादूटोणाविरोधी कायद्याखाली बेकायदेशीर असल्याचं जानेवारी २०२१ मध्ये खंडपीठाने सांगितलं. अशा तक्रारीत या निकालाचा उल्लेख जरूर करा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांची जाहिरातही २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद आहे.

एक मात्र समजून घ्या. सॅनिटरी पॅड किंवा गर्भनिरोधकाची साधी, माहिती देणारी जाहिरात अश्लील होत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने कंडोमच्या जाहिराती सकाळी ६ ते रात्री १० दाखवू नका असं कळवलं, पण काही दिवसांतच खुलासा केला की हे उत्तान जाहिरातींपुरतंच आहे. पॅडच्या जाहिरातीवर तक्रार करून मुलीला नसती लाज शिकवू नका; तिने विचारलं तर सरळ उत्तर द्या.

कोणत्या दारात

जाहिरात केबलवाल्याची असेल तर आधी त्याला लेखी द्या. नुसतं वसुलीला येणाऱ्या पोराला बोलून काही होत नाही. आठवड्यात फरक पडला नाही तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्या. केबल कायद्याखाली जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी आहेत. अर्ज असा लिहा:

'विषय: स्थानिक केबल वाहिनीवरील आक्षेपार्ह जाहिरातीबाबत. महोदय, दि. … रोजी रात्री … वाजता … या वाहिनीवर (क्र. …) … या उत्पादनाची जाहिरात दाखवण्यात आली. जाहिरातीतील वाक्य: "…". हे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४, नियम ७(…) चे उल्लंघन आहे. केबलचालकाने केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायदा १९९५, कलम १० प्रमाणे ठेवलेली नोंदवही तपासून कारवाई करावी व मला लेखी कळवावे, ही विनंती. सोबत: छायाचित्र, चित्रफीत.'

नोंदवहीचं ते वाक्य गाळू नका. काय दाखवलं याची नोंद ठेवणं आणि ती वही एक वर्ष जपणं केबलचालकाला कायद्याने बंधनकारक आहे. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. आवक क्रमांक नसला तर पुढच्या खेपेला टेबलावर कुणी कागद शोधत नाही.

जाहिरात राज्यभर दिसणाऱ्या वाहिनीची असेल तर कलेक्टर ऑफिसचे हेलपाटे घालू नका. मुंबईच्या ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलकडे, म्हणजे जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवायला काढलेल्या ॲस्की या संस्थेकडे, संकेतस्थळावरून किंवा ७७१००१२३४५ या व्हॉट्सॲप क्रमांकावर तक्रार करा. पैसे लागत नाहीत. त्याच दिवशी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्यालाही ईमेल करा. केबल नियमांच्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे वाहिनीने २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत उत्तर द्यायचं असतं. उत्तर पटलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेकडे अपील करता येतं. ही मुदत चुकली की प्रकरण हातचं जातं, म्हणून तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. गुटख्याच्या नावाने वेलची विकणारी किंवा फसवे दावे करणारी जाहिरात असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा.

तोपर्यंत घरात

पेरेंटल लॉकचा फार भरवसा धरू नका. तो वाहिनी अडवतो, चालू वाहिनीवरची जाहिरात अडवत नाही. आणि मूळ पिन ०००० किंवा १२३४ तसाच ठेवला तर तो पोरांना आधीच पाठ असतो. रेकॉर्डिंगचा बॉक्स असेल तर मालिका रेकॉर्डला लावून वीस मिनिटं उशिरा बघायला बसा, जाहिराती पुढे ढकलता येतात. पैसे भरून घेतलेली वाहिनी वारंवार त्रास देत असेल तर पॅकमधून काढून टाका.

टीव्हीवर यूट्यूब वडिलांच्या खात्यावर चालत असेल तर त्या खात्याच्या गूगल 'माय ॲड सेंटर'मध्ये जाऊन दारू, जुगार, डेटिंग आणि वजन घटवणं या विषयांच्या जाहिराती कमी करा. लहान मुलांसाठी यूट्यूब किड्स वेगळं ठेवा.

गावाकडे फ्री डिश असेल तर नको त्या वाहिन्या मेनूतून लॉक किंवा डिलीट करता येतात. पण नंतर कुणी 'ऑटो स्कॅन' दाबलं की अनेक बॉक्सवर त्या सगळ्या परत येतात. नवीन वाहिन्यांसाठी स्कॅन करावंच लागलं, तर त्याच बैठकीत लॉक पुन्हा लावून घ्या.