टॅरो शिकताय? या चुका टाळा

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एखाद्या कॅफेत टॅरोचा नवा डेक, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांचा जोड, उघडून बसलेल्यांची एक तक्रार हमखास कानावर येते: "पत्ते काहीच्या काही सांगतात." बहुतेक वेळा चुकलेला असतो तो प्रश्न. "सातपूरची नोकरी सोडली तर पुण्यात जम बसेल का?" याचं हो किंवा नाही असं उत्तर 78 पत्त्यांपैकी एकावरही नाही. त्याऐवजी "ही नोकरी सोडताना मी कशाकडे डोळेझाक करतोय?" असं विचारा.

पत्ते पिसल्यावर कुठला वर येईल, हा निव्वळ योगायोग असतो. त्यावरचं चित्र प्रश्नाशेजारी ठेवून आपण जो विचार करतो, तेच वाचन. पत्त्यांवरून भविष्य कळतं याला शास्त्रीय पुरावा नाही. तरीही मनातला गुंता सोडवायला टॅरो खरोखर कामी येतो, असं माझं ठाम मत आहे.

पण त्यासाठी चित्र बघावं लागतं, आणि इथेच पाठांतर आडवं येतं. 22 मेजर (मुख्य) आणि 56 मायनर (दुय्यम) अर्काना, अशा दोन गटांतल्या पत्त्यांचे अर्थ वहीत उतरवून घोकले जातात. एट ऑफ स्वॉर्ड्स म्हणजे 'अडकलेपण', संपलं! जरा निरखून बघा. बाईच्या डोळ्यांवर पट्टी आहे, हात बांधलेत, भोवती तलवारी रोवल्यात. पाय मात्र मोकळे आहेत आणि पुढची वाटही. घरात किंवा नोकरीत घुसमटणाऱ्या माणसाला विचारण्यासारखा प्रश्न त्या पायांत आहे. हे चित्र पामेला कोलमन स्मिथ यांचं, 1909 साली लंडनला निघालेल्या रायडर-वेट डेकमधलं. त्याआधीच्या बहुतेक डेकांत मायनरमधल्या अंकांच्या पत्त्यांवर नुसती चिन्हं असायची. नवशिक्यांनी म्हणूनच रायडर-वेट घ्यावा.

डेथ पत्ता आला की हात थरथरतात. तीन पत्ते काढले तर तो येण्याची शक्यता 26 मध्ये एक असते, म्हणजे रोज सराव करणाऱ्याला तो भेटणारच. त्याचा अर्थ सहसा एखादा टप्पा संपणं असाच लावतात. आजारपणाचा प्रश्न असेल तर मात्र पत्ते काढूच नका, डॉक्टरांकडे जा.

मनासारखं उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा पिसणं ही सगळ्यात चिवट सवय. तारीख, प्रश्न आणि पत्ता लिहून ठेवा. परिस्थिती बदलल्याशिवाय तोच प्रश्न पुन्हा नको. उलटे पत्ते गोंधळात टाकत असतील तर सुरुवातीला सगळे सुलटेच वाचा. दहा पत्त्यांची केल्टिक क्रॉस ही मांडणीही नंतर बघू, आधी एक-दोन महिने रोज एकच पत्ता पुरे.

त्र्यंबकेश्वर जवळ असल्याने शांती, कालसर्प हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातले. त्याचाच फायदा घेऊन कुणी "पत्त्यांत दोष दिसतोय, शांतीला इतके हजार लागतील" म्हणालं, तर तिथून सरळ उठा. टॅरो हा पंधराव्या शतकातल्या इटलीतला पत्त्यांचा खेळ. भविष्य सांगण्यासाठी त्याचा वापर रुळला तो अठराव्या शतकात, फ्रान्समध्ये. कालसर्प दाखवणारा पत्ता त्यात नाहीच.