तोंडाचा कॅन्सर आणि गप्प झालेली जनुकं: या चुका टाळा

‘तंबाखूमुळे जनुकं बिघडतात आणि कॅन्सर होतो’ हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. तोंडाच्या कित्येक गाठींमध्ये पेशीला आवर घालणारं जनुक अक्षरन् अक्षर शाबूत असतं, ते वाचलं मात्र जात नाही. जनुक जिथून सुरू होतं त्या प्रमोटरवर मिथाईल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटतात (यालाच मिथिलेशन म्हणतात), डीएनए हिस्टोन प्रथिनांभोवती घट्ट आवळला जातो आणि जनुक गप्प होतं. पुस्तकाची पानं सगळी जागेवर, फक्त एकमेकांना चिकटलेली.

इथे पहिली चूक होते ती ‘जनुकातला बदल की मिथिलेशन’ असा सामना लावण्याची. दोन्ही एकमेकांना हात देतात. एमजीएमटी नावाचं जनुक डीएनएची एक विशिष्ट दुरुस्ती करतं. तंबाखूतल्या नायट्रोसअमाइन या रसायनांमुळे होणारी इजाही त्यात येते. हेच जनुक गप्प झालं, तर इजा तशीच राहते आणि पुढे कायमचे बदल साचतात. पेशींना जोडून ठेवणाऱ्या ई-कॅडहेरिन प्रथिनाचं जनुक गप्प झालं, तर पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि पसरायला वाट मिळते.

गप्प आणि गायब यांत गल्लत

पी१६ हे प्रथिन पेशीविभाजनाचा ब्रेक आहे. गाठीत ते सापडलं नाही, की ‘मिथिलेशन झालं’ असा निष्कर्ष विद्यार्थी घाईने काढतात. पण ९व्या गुणसूत्रावरचा, त्याचं जनुक असलेला तुकडाच गळून गेलेला असू शकतो, आणि तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे वारंवार होतं. गप्प जनुक तत्त्वतः जागं करता येतं. गळालेलं कोण जागं करणार? म्हणून प्रथिनाच्या जोडीला डीएनएही तपासावा. मिथिलेशन तपासताना डीएनएवर बायसल्फाइट या रसायनाची प्रक्रिया करतात; ते मिथाईल नसलेली जागा बदलतं, मिथाईल असलेली तशीच ठेवतं. ही प्रक्रिया अपुरी राहिली, तर मिथाईल नसलेली जागाही मिथाईल असल्यासारखी दिसते. मिथाईल असलेला आणि नसलेला, दोन्ही कंट्रोल (आधीच माहीत असलेले नमुने) लावल्याशिवाय निकालावर विसंबू नये.

‘उलटवता येतं’ म्हणजे घरी उलटवता येतं?

सगळ्यात महाग पडणारी चूक ही. मिथिलेशन उलटवता येतं, एवढं वाचून माणसं फॉलिक ॲसिड, ‘मिथाईल’वाल्या गोळ्या, काढे सुरू करतात आणि ऑपरेशन पुढे ढकलतात. कोणतीही गोळी नेमक्या एका जनुकावरचा मिथाईल गट हेरून काढत नाही. शिवाय फॉलेट तर शरीरात मिथाईल गट पुरवण्याच्या कामी येतं, तेव्हा हा उपाय मुळातच उलट्या दिशेचा! मिथाईल गट काढून टाकणारी औषधं खरोखर आहेत: ॲझासायटिडिनला अमेरिकेत २००४ साली आणि डेसिटाबिनला २००६ साली परवानगी मिळाली, पण ती अस्थिमज्जेच्या आजारासाठी. ती निवड करत नाहीत, जिथे तिथे परिणाम करतात आणि रक्तपेशी कमी होतात. मिथिलेशन हा काही निव्वळ शत्रूही नाही. बायकांच्या जवळजवळ प्रत्येक पेशीतलं एक एक्स गुणसूत्र गप्प ठेवण्यात त्याचाच हात असतो. तोंडाच्या कॅन्सरचा मुख्य उपचार आजही शस्त्रक्रिया, रेडिएशन आणि गरजेप्रमाणे केमो हाच आहे.

रिपोर्टवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ दिसलं, की इंटरनेटवर शोधून लोक एकदम खूश होतात. एचपीव्ही विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिलच्या आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये पी१६ वाढतं, आणि हे रुग्ण उपचारांना चांगला प्रतिसाद देतात, हे खरं. तोच अर्थ गालाच्या किंवा हिरडीच्या गाठीला लावता येत नाही. आपल्याकडे याच गाठी जास्त.

‘मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी’

तंबाखूशिवायची सुपारीही कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केलं आहे. विदर्भातला खर्रा, इतरत्र मावा, बायकांची मिश्री: नाव कोणतंही असो, तोंडाच्या अस्तराचा मोठा भाग वर्षानुवर्षं त्यात भिजतो. त्यामुळे गाठीशेजारच्या, डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या भागातही गप्प जनुकं सापडतात. गाठ पूर्ण काढली तरी त्या भागात दुसरी उगवू शकते, म्हणून ‘मार्जिन क्लिअर’ (काढलेल्या तुकड्याच्या कडेला कॅन्सर नाही) लिहिलेला रिपोर्ट मिळाला तरी तपासणीच्या तारखा चुकवू नयेत. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, लाल किंवा पांढरा चट्टा, तोंडात आपलीच तीन बोटं उभी न मावणं, यातलं काही दिसलं तर लाळेच्या महागड्या चाचणीची जाहिरात शोधू नका. दंतवैद्याला किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. ते म्हणाले तर बायोप्सी त्याच आठवड्यात करून घ्या.