दावा पुराव्याला पेलवेल एवढाच करा

क्रीडा-संशोधनाचा पेपर लिहिताना आधी दावा एका वाक्यात लिहा: ‘आठ आठवड्यांच्या उड्यांच्या सरावाने कबड्डीपटूंची 20 मीटर धाव सुधारते.’ मग पुण्यातल्या बालेवाडी क्रीडासंकुलाच्या ट्रॅकवर मोजा, पण हातातल्या स्टॉपवॉचने नको. बंदुकीचा धूर दिसून बोट दाबेपर्यंत वेळ जातो. म्हणूनच 100 मीटरच्या हातमोजणीची इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करताना तिच्यात 0.24 सेकंद मिळवतात. तुमची सुधारणा त्याहून लहान असू शकते! टायमिंग गेट, म्हणजे धावपटू किरण ओलांडताच आपोआप वेळ नोंदवणारं यंत्र, लावा. बूट, वॉर्मअप, दिवसाची वेळ तीच ठेवा.

नियंत्रण गट, म्हणजे उड्या न करणारा पण बाकी तसाच गट, हवाच. नाहीतर फरक उड्यांचा की नुसत्या हंगामाचा, हे कळणार कसं?

अनेक पेपर पुढे घसरतात: ‘एका गटात पी (खरा परिणाम नसताना एवढा किंवा याहून मोठा बदल योगायोगाने दिसण्याची शक्यता) 0.05च्या खाली, दुसऱ्यात नाही’ हा गटांतल्या फरकाचा पुरावा नव्हे. दोन्ही गटांतल्या बदलांचीच थेट तुलना करा आणि फरक 95 टक्के विश्वास-अंतरासह, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असावा असा अंदाज आहे त्या मर्यादांसह, सेकंदांत द्या.