कार्बन डॉट्सची चमक एकसारखी कशी आणली

गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात खाणींजवळच्या पाण्यातलं लोह तपासायला आम्ही कार्बन डॉट्स वापरतो. कार्बनचे १० नॅनोमीटरहून लहान कण. अतिनील दिव्याखाली निळे चमकतात, फेरिक लोह (Fe³⁺) भेटलं की मंदावतात. अडचण अशी, की दर घाण्याची चमक निराळी. मग मोजणीवर भरवसा कसा ठेवायचा?

कृती नेहमीचीच: सायट्रिक आम्ल आणि इथिलीनडायअमाइन, बंद ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या भांड्यात) २०० अंश सेल्सिअसवर ५ तास. फरक पडला तो शुद्धीकरणाने. या अभिक्रियेत कणांबरोबर लहान चमकदार रेणूही तयार होतात आणि बरीचशी निळाई त्यांचीच असते. द्रावण डायलिसिसच्या पिशवीत भरलं, म्हणजे लहान रेणू बाहेर सोडून कण आत ठेवणाऱ्या पडद्याच्या पिशवीत, आणि बाहेरचं पाणी चमकायचं थांबेपर्यंत बदलत राहिलो. चमक उतरली, पण घाण्यागणिक सारखी झाली. मोजणीसाठी मला हाच सौदा पटतो.

नमुन्याचा सामूही (pH) सांभाळा. उदासीन पाण्यात फेरिक लोह हायड्रॉक्साइड होऊन खाली बसतं; तांबडा गाळ समोर दिसत असतानाही चाचणी ‘लोह नाही’ म्हणते! म्हणून थोडं आम्ल घालतो. तुलनेचं कोरं, म्हणजे लोह नसलेलं, द्रावणही त्याच सामूचं हवं, कारण नुसत्या सामूनेही चमक बदलते.